विम्याचे नूतनीकरण : वडीलधाऱ्यांसमवेत करावयाची वार्षिक उजळणी

मृग लागण्यापूर्वी घराची कौले परतून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दरवर्षी कोणी नवे छप्पर घालीत नाही. परंतु एक माणूस वर चढतो, फुटलेले कौल बदलतो, सरकलेले जागेवर बसवितो आणि मगच घरातील मंडळी निश्चिंत होतात. ज्या वर्षी हे काम राहून जाते, त्या वर्षी छप्पर असूनही घर गळते.

आरोग्य विम्याची स्थिती याहून वेगळी नाही. आपल्या देशात सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ या नावाने वैयक्तिक आरोग्य विमा सुरू केला. तेव्हापासून हा विमा बहुधा एका वर्षाच्या मुदतीचाच राहिला आहे. वर्ष संपले की त्याचे नूतनीकरण करावे लागते. बहुसंख्य घरांत नूतनीकरणाचा अर्थ पैसे भरणे आणि पावती सांभाळून ठेवणे एवढाच घेतला जातो. वास्तविक वर्षातून एकदा येणारी ही वेळ विम्याचा कागद उघडून वाचण्याची असते. गेल्या वर्षी पुरेसा असलेला विमा या वर्षी पुरेसा आहे काय, हे पाहण्याची ती संधी असते. वाढत्या वयाच्या माणसांच्या बाबतीत तर ही संधी दवडणे महागात पडते.

ही उजळणी कशी करावी, तिच्यात काय वाचावे व काय विचारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा पाठ केवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी नाही. त्यांची मुले व सुना, शेजारी, गावातील शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि पंचायत कार्यालयातील कर्मचारी या सर्वांनी तो समजून घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

अकरा पावत्या

डिचोली तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची हकीकत मला जवळून ठाऊक आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा व पत्नीचा आरोग्य विमा उतरविला आणि सलग अकरा वर्षे एकही खंड न पडू देता हप्ते भरले. पुढे आखातात नोकरीस असलेल्या मुलाने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली. विमा कंपनीकडे त्याने आपला दूरध्वनी क्रमांक नोंदविला. २०२१ साली त्याने नोकरी बदलली आणि त्याबरोबर तो क्रमांकही बदलला. नूतनीकरणाची सूचना त्या बंद क्रमांकावर गेली. मास्तर समजले की मुलाने पैसे भरले असतील. मुलगा समजला की सूचना अजून यावयाची आहे.

मास्तरीणबाईंच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा विम्याची फाईल उघडली गेली. मुदत संपून चव्वेचाळीस दिवस झाले होते. सवलतीचे तीस दिवसही उलटून गेले होते. नव्याने विमा घेता येईल, परंतु सांधेरोपणासाठी चार वर्षांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल, असे उत्तर त्यांना मिळाले. ते नियमास धरूनच होते. मास्तरांनी फाईलमध्ये अकरा पावत्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. बारावी तेवढी नव्हती.

या घरात पैशाची अडचण नव्हती, आणि कोणी कोणाची उपेक्षाही केली नव्हती. फक्त वर्षातून एकदा दोघांनी एकत्र बसून कागद पाहण्याची सवय नव्हती. त्या एका तासाच्या अभावी अकरा वर्षांची पुण्याई गेली.

सातत्य म्हणजे काय

आरोग्य विम्यात रकमेइतकेच महत्त्व सातत्याला असते. विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांवर, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या व्याधींवर, पहिल्या दिवसापासून खर्च मिळत नाही. त्यासाठी काही काळ थांबावे लागते. यास प्रतीक्षा काळ म्हणतात. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असू शकत असे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे. तसेच सलग ६० महिने विमा चालू राहिला, तर त्यानंतर पूर्वीच्या आजाराची माहिती दडविली या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा याला एकमेव अपवाद आहे.

हे दोन्ही लाभ वर्षागणिक साठत जातात, आणि खंड पडला की साठविलेले सर्व जाते. मुदत संपल्यावर वार्षिक हप्ता भरण्यास तीस दिवसांची सवलत असते. या दिवसांत पैसे भरले तर सातत्य टिकते. तथापि वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च त्यांना मिळत नाही. यास्तव सवलतीचे दिवस ही अडीअडचणीसाठी ठेवलेली सोय समजावी, भरण्याची नेहमीची तारीख समजू नये.

पहिले काम : कागद एकत्र करणे

उजळणीचे काम मुदत संपण्यापूर्वी निदान दोन महिने हाती घ्यावे. एका फाईलमध्ये पुढील कागद एकत्र करावेत : चालू पॉलिसी, मागील नूतनीकरणांच्या पावत्या, कंपनीचे ओळखपत्र, पूर्वी केलेल्या दाव्यांची कागदपत्रे आणि सध्या चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी. शासकीय योजनांची कार्डेही याच फाईलमध्ये असावीत.

त्यानंतर पॉलिसीवरील नोंदी तपासाव्यात. नाव आधार कार्डाप्रमाणे आहे काय? जन्मतारीख बरोबर आहे काय? पत्ता व दूरध्वनी क्रमांक आजचा आहे काय? वारस म्हणून ज्याचे नाव लावले आहे ती व्यक्ती हयात आहे काय? मुलाचा क्रमांक नोंदविला असल्यास त्याच्या जोडीस घरातील वडीलधाऱ्यांचा क्रमांकही नोंदविता येईल काय, हे कंपनीस विचारावे. मास्तरांच्या घरी एवढी एक नोंद दुरुस्त असती, तर पुढचा प्रसंग ओढवला नसता.

पॉलिसीचा मूळ कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत व अनेक पानांचा असतो. तो पाहूनच पुष्कळ जण फाईल मिटवितात. त्यांच्यासाठी एक सोय झालेली आहे. प्रत्येक पॉलिसीसोबत तिच्यातील मुख्य अटी सोप्या शब्दांत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा नवा नमुना लागू झाला, आणि ग्राहकाने इच्छा दर्शविल्यास ते स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावे असे प्राधिकरणाने सांगितले आहे. आपल्या भाषेतील माहितीपत्रक मागणे हा संकोचाचा विषय नव्हे. ज्याचे पैसे भरावयाचे ते काय आहे, हे समजून घेण्याचा हक्क प्रत्येकास आहे.

दुसरे काम : गेल्या वर्षाचा आढावा

कागदाआधी माणसाकडे पाहावे. गेल्या वर्षभरात कोणता नवा आजार निघाला? कोणत्या डॉक्टरांकडे व कोणत्या रुग्णालयात जावे लागले? येत्या वर्षात मोतीबिंदू, गुडघा, हर्निया यांसारखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव आहे काय? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत आणि तो कागद समोर ठेवून पॉलिसी वाचावी. नुसती पॉलिसी वाचली तर सर्वच अटी सारख्या वाटतात. समोर माणूस असला म्हणजे कोणती अट त्याला लागू पडते ते कळते.

नूतनीकरणाच्या वेळी नवा आजार सांगितला तर कंपनी विमा बंद करील, अशी भीती अनेक वृद्धांच्या मनात असते. ती अनाठायी आहे. गेल्या वर्षी दावा केला किंवा नवा आजार निघाला, एवढ्या कारणावरून कंपनीस नूतनीकरण नाकारता येत नाही. विम्याची रक्कम वाढवावयाची असेल तरच नव्याने तपासणी होऊ शकते. मात्र कोणत्याही अर्जात विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर द्यावे. एखादा एजंट ‘हे लिहू नका, मी पाहून घेतो’ असे म्हणाला, तर त्याचे ऐकू नये. दावा नाकारला जाईल त्या दिवशी तो एजंट रुग्णालयात आपल्याशेजारी उभा नसतो.

तिसरे काम : पाच जागा वाचणे

संपूर्ण पॉलिसी वाचता आली तर उत्तमच. न जमल्यास माहितीपत्रकातील पुढील पाच जागा तरी वाचाव्यात.

(१) विम्याची रक्कम. ही वर्षभरात मिळू शकणारी कमाल रक्कम होय. पती-पत्नींचा एकत्र विमा असेल, तर ती दोघांत मिळून असते. एकाच्या आजारात ती संपली तर त्या वर्षात दुसऱ्यास काही उरत नाही.

(२) खोलीच्या भाड्याची मर्यादा. काही पॉलिसींत रुग्णालयातील खोलीचे दररोजचे भाडे विम्याच्या रकमेच्या एक किंवा दोन टक्क्यांपर्यंतच मिळते. ही अट किरकोळ दिसते, पण सर्वाधिक चटका तीच लावते.

(३) को-पेमेंट. मंजूर झालेल्या खर्चातील ठरावीक टक्के रक्कम विमाधारकाने स्वतः सोसावयाची, असा हा करार असतो. ज्येष्ठांच्या पॉलिसींत ही अट पुष्कळदा आढळते.

(४) रोगवार मर्यादा व प्रतीक्षा काळ. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळ पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. उदाहरणार्थ, प्राधिकरणाने २०२० साली ठरवून दिलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी विम्याच्या रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती मिळते. आपल्या प्रतीक्षा काळाचे किती महिने उरले आहेत, तेही येथेच पाहून घ्यावे.

(५) रुग्णालयांची यादी. रोख पैसे न भरता, म्हणजे कॅशलेस पद्धतीने, कोणत्या रुग्णालयांत उपचार मिळतात ते या यादीत असते. ती वेळोवेळी बदलते. गोव्यातील अनेक कुटुंबे काही उपचारांसाठी बेळगाव, कोल्हापूर किंवा मुंबई येथे जातात. आपण प्रत्यक्ष जेथे जाऊ ते रुग्णालय या वर्षीच्या यादीत आहे काय, हे पाहावे. गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नये.

याखेरीज एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. बहुतेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च मिळतो. रोजच्या रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची नेहमीची तपासणी फी हा खर्च सामान्यतः त्यात येत नाही. त्यासाठी घरखर्चात वेगळी तरतूद ठेवावी.

एका बिलाचा हिशेब

खोलीचे भाडे व को-पेमेंट या दोन अटी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. शिक्षकांनी हे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यास हरकत नाही. ते घरोघरी पोहोचेल.

एका आजोबांचा विमा तीन लाख रुपयांचा आहे. खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दररोज ३,००० रुपये आहे. को-पेमेंट २० टक्के आहे. त्यांना पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि घरच्यांनी दररोज ६,००० रुपये भाड्याची खोली घेतली. बिल पुढीलप्रमाणे झाले : खोलीचे भाडे ३०,००० रुपये, शस्त्रक्रिया, डॉक्टर, परिचर्या इत्यादी ८०,००० रुपये, औषधे व तपासण्या ४०,००० रुपये. एकूण १,५०,००० रुपये.

विमा तीन लाखांचा असल्याने सर्व रक्कम मिळेल असे घरच्यांना वाटले. परंतु खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतल्यामुळे भाड्यापैकी निम्मे, म्हणजे १५,००० रुपयेच मंजूर झाले. खोलीच्या दर्जाप्रमाणे रुग्णालयाचे इतर आकारही वाढतात, म्हणून शस्त्रक्रिया व डॉक्टर यांच्या खर्चालाही तेच प्रमाण लागू झाले आणि ८०,००० पैकी ४०,००० रुपये मंजूर झाले. औषधे व तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, त्यामुळे ते ४०,००० रुपये पूर्ण धरले गेले. मंजूर रकमेची बेरीज ९५,००० रुपये झाली. तिच्यातून २० टक्के को-पेमेंटचे १९,००० रुपये वजा जाता कंपनीने ७६,००० रुपये दिले. उरलेले ७४,००० रुपये घरातून भरावे लागले.

हीच शस्त्रक्रिया त्याच रुग्णालयात ३,००० रुपयांच्या खोलीत झाली असती, तर भाडे १५,००० रुपयेच झाले असते आणि प्रमाणशीर कपातीचा प्रश्नच उद्भवला नसता. ही अट नूतनीकरणाच्या वेळी वाचली असती, तर दाखल होताना कोणती खोली मागावी हे घरच्यांस ठाऊक असते. रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहून पॉलिसी वाचणे कोणास जमत नाही.

हप्ता वाढला तर

वयाबरोबर हप्ता वाढतो आणि निवृत्तिवेतन त्या प्रमाणात वाढत नाही. ही अडचण खरी आहे. ती लक्षात घेऊन प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढला. त्यानुसार साठ वर्षांवरील ग्राहकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता प्राधिकरणाशी पूर्वविचार केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही. याहून अधिक वाढ दिसली तर कंपनीकडे लेखी कारण मागावे. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. पूर्वी तो १८ टक्के होता. वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीच्या सूचनापत्रात हा कर लावलेला आढळल्यास विचारणा करावी.

तरीही हप्ता झेपत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. यास पोर्टेबिलिटी म्हणतात. तिचा लाभ असा की, जुन्या कंपनीकडे पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीकडेही धरला जातो. मात्र तो जुन्या विमा रकमेपुरताच. रक्कम वाढवून घेतल्यास वाढीव भागासाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. यासाठी मुदत संपण्यापूर्वी निदान ४५ दिवस अर्ज करावा. अर्ज स्वीकारावा की नाही हे नवी कंपनी ठरविते आणि वृद्धांच्या बाबतीत तो नाकारलाही जाऊ शकतो. म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा : नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नये. स्वस्त हप्त्याच्या आशेने आधी जुनी बंद करणे म्हणजे नवी कौले येण्यापूर्वी जुनी उतरवून ठेवणे होय.

शासकीय योजनांचा आधार

उजळणीच्या वेळी शासकीय योजनांची कार्डेही तपासावीत. गोवा राज्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राबविली जात आहे. राज्यात पाच वर्षे किंवा अधिक काळ वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ही योजना सुरू झाली. तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद तिच्यात करण्यात आली. या योजनेच्या कार्डाचेही ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. कपाटातील कार्ड चालू आहे की मुदतबाह्य झाले आहे, हे आजच पाहून घ्यावे.

केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांसाठी आयुष्मान भारत योजनेचा विस्तार केला. यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयांत मिळतात. ही रक्कम कुटुंबातील सत्तर वर्षांवरील सर्वांना मिळून असते. पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ नाही. खासगी विमा असलेल्यांनाही हे कार्ड घेता येते. केंद्र शासनाच्या अथवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. माहितीसाठी १४५५५ हा निःशुल्क क्रमांक आहे.

या योजनेत वय आधार कार्डावरील नोंदीप्रमाणे धरले जाते. जुन्या पिढीतील अनेकांच्या जन्मतारखा अंदाजाने लिहिल्या गेल्या आहेत. पंचाहत्तर वर्षांच्या आजींचे वय कार्डावर सदुसष्ट असेल, तर त्यांना तीन वर्षे थांबावे लागेल. शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नोंद शोधून अशा दुरुस्तीस हातभार लावणे शिक्षकांस शक्य आहे.

शासकीय कार्ड मिळाले म्हणून खासगी विमा तात्काळ सोडावा काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे एकच उत्तर सर्वांस लागू पडणार नाही. आपले डॉक्टर व रुग्णालय शासकीय योजनेशी संलग्न आहे काय, आणि आपल्याला संभवणारा उपचार तिच्या यादीत आहे काय, हे आधी पाहावे. एकदा सोडलेला विमा सत्तरीनंतर पुन्हा मिळविणे सोपे नसते, हे विसरू नये.

दावा व तक्रार

उजळणीच्या दिवशीच घरातील सर्वांनी दाव्याची पद्धत समजून घ्यावी. प्राधिकरणाच्या २०२४ च्या निर्देशांनुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा असतो, आणि घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची असते. दावा नाकारल्यास कोणत्या अटीखाली नाकारला ते लेखी मागावे. ज्येष्ठांचे दावे व तक्रारी यांसाठी कंपन्यांनी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी, असाही नियम आहे.

कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकीलही लागत नाही. आपल्या विभागाच्या लोकपालाचा पत्ता पॉलिसीच्या कागदांतच दिलेला असतो. तो शोधून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. प्राधिकरणाच्या तक्रार व्यवस्थेचा निःशुल्क क्रमांक १५५२५५ असा आहे.

मदत करणाऱ्याची मर्यादा

मदत करणाऱ्याने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. विमा ज्येष्ठांचा आहे, पैसा बहुधा त्यांचाच आहे, आणि शरीर तर निश्चितच त्यांचे आहे. त्यांना बाजूस बसवून मुलाने व एजंटाने परस्पर निर्णय घेणे ही मदत नव्हे. अटी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, आकडे मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, निर्णय त्यांना घेऊ द्यावा. पुष्कळदा वृद्ध मंडळी ‘मला काय कळते, तुम्हीच पाहा’ असे म्हणतात. अशा वेळी त्यांना पुन्हा एकदा सांगावे. समजण्यास वेळ लागतो, एवढेच. समजत नाही असे नसते.

मदतनीसाने कोणाचाही बँकेचा सांकेतिक क्रमांक वा दूरध्वनीवर आलेला ओटीपी विचारू नये, मूळ कागद स्वतःकडे ठेवू नयेत आणि विशिष्ट कंपनीची शिफारस करू नये. दूरध्वनीवरून ‘तुमच्या पॉलिसीवर बोनस जमा झाला आहे’ असे सांगणाऱ्या अनोळखी माणसापासून सावध राहण्यास सर्वांना सांगावे.

गावपातळीवर हे काम अवघड नाही. वाचनालयात अथवा पंचायतीच्या सभागृहात महिन्यातून एक दुपार ठरवावी. शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांनी आपापल्या घरातील ज्येष्ठांच्या पॉलिसीची व कार्डांची मुदत केव्हा संपते ते एका वहीत टिपून घ्यावे, आणि शिक्षकांनी दोन महिने आधी त्या घरी निरोप पाठवावा. यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील विम्याची मुदत कोणत्या तारखेस संपते? ती तारीख कोणाकोणाला ठाऊक आहे?
२. कंपनीकडे नोंदविलेला दूरध्वनी क्रमांक कोणाचा आहे? तो आज चालू आहे काय?
३. आपल्या पॉलिसीत दररोज किती रुपये भाड्याची खोली घेता येते?
४. को-पेमेंट किती टक्के आहे? एक लाखाच्या मंजूर बिलावर आपणास स्वतः किती भरावे लागतील?
५. प्रतीक्षा काळाचे किती महिने उरले आहेत?
६. शासकीय योजनांपैकी कोणती कार्डे घरात आहेत व ती चालू आहेत काय?

या सहा प्रश्नांची उत्तरे ज्या घरात लिहून ठेवलेली आहेत, त्या घराने या वर्षाची उजळणी पूर्ण केली असे समजावे. ज्यांना पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, त्यांनी हा अंक बाजूस ठेवून आधी फाईल शोधावी, मुदतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत ठळक अक्षरांत लिहावी, आणि तिच्या दोन महिने आधीच्या एका रविवारवर खूण करावी. त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी तासभर बसावे.